‘मा’ म्हणजे काय?

समजा, गुरुजींनी फळ्यावर ‘मा’ हे एकच अक्षर लिहिले आणि वर्गाला विचारले, “याचा अर्थ काय?” तुम्ही काय उत्तर द्याल?

कोणी म्हणेल, “गुरुजी, शब्द अपुरा आहे. पुढे ‘य’ लिहा म्हणजे ‘माय’ होईल, ‘प’ लिहा म्हणजे ‘माप’ होईल.” संस्कृत घेतलेली एखादी मुलगी हात वर करून सांगेल, “‘मा’ म्हणजे ‘नको’. ‘मा वद’ म्हणजे ‘बोलू नकोस’.” संस्कृतचा कोश उघडला तर आणखी दोन अर्थ सापडतील. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी. म्हणून तिचा धव, म्हणजे पती, तो ‘माधव’. आणि ‘मा’ हा ‘मोजणे’ या अर्थाचा धातूही आहे. माप, मान, प्रमाण, परिमाण हे सारे शब्द त्याच्यापासूनच झाले.

आता कल्पनेनेच वर्गाच्या भिंती जरा दूर सरकवू आणि देशोदेशींची मुले बाकांवर बसवू. तेलुगू मुलगा म्हणेल, “मा म्हणजे आमचा.” तमिळ मुलगी म्हणेल, “छे, मा म्हणजे आंबा!” चिनी मुलगा विचारील, “कोणत्या सुरात म्हणू? एका सुरात ‘मा’ म्हणजे आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात रागे भरणे. सूर न लावता वाक्याच्या शेवटी ठेवला तर नुसता ‘का?’ असा प्रश्न.” थायलंडची मुलगी सांगेल, “ये!” जपानी मुलगा म्हणेल, “दोन वस्तूंच्या किंवा दोन क्षणांच्या मधली मोकळी जागा.” हंगेरीचा म्हणेल, “आज.” फिनलंडची म्हणेल, “जमीन.” आणि इटलीचा म्हणेल, “पण...” आम्ही पुढच्या वाक्याची वाट पाहत बसू, तेव्हा कळेल की त्याचे उत्तर देऊन झाले आहे. इटालियन भाषेत ‘मा’ म्हणजे ‘पण’!

या साऱ्यांचे उच्चार अगदी एकसारखे नाहीत, बरे का! कोणाचा ‘आ’ लांब, कोणाचा आखूड, तर कोणाचा सूर वेगळा. पण ढोबळमानाने अक्षर एकच.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. खरी अडचण पुढे येते. अरबी मुलगा उठून म्हणतो, “आमच्याकडेही ‘मा’ म्हणजे ‘नाही’. ‘कतब’ म्हणजे ‘त्याने लिहिले’, ‘मा कतब’ म्हणजे ‘त्याने लिहिले नाही’.” तुर्की मुलगी त्याला दुजोरा देते, “आम्ही क्रियापदाच्या शेवटी ‘मा’ लावतो. ‘बाक’ म्हणजे ‘पाहा’, ‘बाकमा’ म्हणजे ‘पाहू नकोस’.”

संस्कृत, अरबी आणि तुर्की! तिन्हीकडे ‘मा’ आणि तिन्हीकडे नकार. मग या तिन्ही भाषा एकाच कुळातल्या, किंवा दोघी तिसरीपासून निघालेल्या, असे म्हणायला काय हरकत आहे?

थांबा. नेमक्या याच जागी पुष्कळ लोक घसरतात. सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या जमवायच्या आणि त्यांवर मोठमोठे सिद्धांत उभारायचे, असा उद्योग अनेक देशांत झाला आहे आणि आजही होतो. प्रत्येकाला वाटते की आपलीच भाषा जगातील सर्व भाषांची आई. आपल्या भाषेचा अभिमान जरूर असावा. पण अभिमान हा पुरावा नव्हे. मग पुरावा कोणता? ‘मा’लाच धरून तो शोधू या. दोन भाषांतले शब्द सारखे दिसण्यामागे मुख्यतः चार कारणे असतात.

पहिले कारण : योगायोग

कोणत्याही भाषेतील ध्वनी मोजके असतात आणि सांगायच्या गोष्टी मात्र अगणित. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका भाषेत २० व्यंजने आणि ५ स्वर आहेत असे धरू. मग ‘एक व्यंजन आणि एक स्वर’ अशी अक्षरे होतील २० × ५ = १००. ‘नाही’, ‘मी’, ‘तू’, ‘काय’, ‘पण’ असे रोजच्या वापरातले शब्द बहुधा आखूड असतात. या १०० अक्षरांमधूनच पुष्कळ भाषांना ते निवडावे लागतात.

आता एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या २० भाषा घ्या. प्रत्येकीने ‘नाही’साठी १०० पैकी एक अक्षर डोळे मिटून उचलले, तर त्यांतील निदान दोन भाषांचे अक्षर एकच येण्याची शक्यता किती असेल? बहुतेकांना वाटेल, फारच थोडी. गणित सांगते, सुमारे ८७ टक्के! कारण इथे आपण एक जोडी तपासत नसतो. २० भाषांच्या १९० जोड्या होतात आणि त्यांपैकी कोणतीही एक जुळली तरी आपण चकित होतो. प्रत्यक्षात तर जगात सुमारे ७००० भाषा आहेत. शिवाय ‘म’ आणि ‘आ’ हे ध्वनी जवळजवळ सर्व भाषांत आढळतात. उत्तर अमेरिकेतील मोहॉक भाषेसारख्या, ओठांनी उच्चारायची व्यंजनेच नसलेल्या भाषा अगदी विरळा. म्हणजे ‘मा’च्या वाट्याला योगायोग जास्तच येणार.

संस्कृत आणि अरबी यांच्या ‘मा’ची गोष्ट अशीच आहे. संस्कृत ‘मा’चे खरे भावंड आहे ग्रीक भाषेतील ‘मे’. त्याचाही अर्थ ‘नको’ असाच. अरबीतील ‘मा’चा मात्र दुसरा अर्थ आहे ‘काय’, आणि नकाराचा अर्थ त्यातूनच आला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे आपल्याला नवे नाही. “तो काय येणार!” असे आपण म्हणतो, तेव्हा ‘तो येणार नाही’ असेच सुचवतो ना? तुर्कीचे कूळ आणखी तिसरे. तीन वेगळ्या गावांहून निघालेले तीन वाटसरू एका धर्मशाळेत भेटावेत, तसे हे तीन ‘मा’ एका अर्थापाशी भेटले.

दुसरे उदाहरण इटालियनचे. इटालियन ‘मा’ म्हणजे ‘पण’, आणि व्हिएतनामी भाषेतही एका ‘मा’चा अर्थ ‘पण’ असा होतो. परंतु इटालियन ‘मा’ हा लॅटिन ‘मागिस’ या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. ‘मागिस’ म्हणजे ‘अधिक’. फ्रेंचमधील ‘मे’ आणि पोर्तुगीजमधील ‘मश्’ हे ‘पण’ या अर्थाचे शब्द त्याचेच भाऊ. दोन हजार वर्षे मागे गेलो तर व्हिएतनामशी असलेले हे साम्य नाहीसेच होते.

दुसरे कारण : उसनवारी

शेजारी शेजाऱ्याकडून विरजण नेतो, तशा भाषा एकमेकींकडून शब्द नेतात. व्हिएतनामी आणि कोरियन या चिनीच्या कुळातल्या भाषा नाहीत. तरीही व्हिएतनामीत ‘मा’ हा घोड्यासाठी एक शब्द आहे आणि कोरियनमध्ये घोडागाडी, घोड्यांची शर्यत अशा जोडशब्दांत घोड्यासाठी ‘मा’च येतो. दोघींनी तो चिनीकडून घेतला. चिनी ग्रंथ आणि चिनी लिपी यांचा या दोन्ही देशांत शेकडो वर्षे अभ्यास होत होता, त्या वाटेने तो आला.

आता तमिळ ‘मा’कडे वळू. ‘मा’ म्हणजे आंबा आणि ‘काय’ म्हणजे कच्चे फळ. दोन्ही मिळून ‘मांगाय’, म्हणजे कैरी. मल्याळममध्ये ‘मांङा’. केरळच्या किनाऱ्यावर मसाल्याच्या व्यापारासाठी आलेल्या पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि त्याचे ‘मांगा’ केले. त्यावरूनच इंग्रजीत ‘मँगो’ आला. म्हणजे लंडनच्या बाजारात ‘मँगो’ मागणाऱ्याच्या तोंडी नकळत तमिळ ‘मा’ असतो!

याहून नवलाची गोष्ट जपानीची. मोकळ्या जागेचा ‘मा’ आपण वर पाहिला. जपानीत आणखी एक ‘मा’ आहे. तो एकटा क्वचित येतो. ‘आकुमा’ म्हणजे ‘दुष्ट दैत्य’ अशा जोडशब्दांत तो दिसतो. हा कोठून आला? बुद्धाच्या तपश्चर्येत विघ्न आणणारा ‘मार’ तुम्हांला ठाऊक असेल. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा हा संस्कृत ‘मार’ चिनीत गेला, तिथे त्याचे शेपूट तुटले, आणि धर्माबरोबर समुद्र ओलांडून तो जपानला ‘मा’ होऊन पोचला. पाहा कशी गंमत आहे! ज्या अरबी ‘मा’चा अर्थ संस्कृतशी जुळतो, त्याचा संस्कृतशी संबंध नाही, आणि ज्या जपानी ‘मा’कडे पाहून संस्कृतची आठवणही होणार नाही, तो मात्र थेट संस्कृतातून गेलेला आहे.

तिसरे कारण : रक्ताचे नाते

काही शब्द सारखे असतात, कारण ते एकाच पूर्वजाचे वारस असतात. संस्कृत ‘माता’, फारसी ‘मादर’, लॅटिन ‘मातेर’, इंग्रजी ‘मदर’ हे असे सख्खे नातलग. मोजण्याचा ‘मा’ही असाच. काळ मोजायचा तो चंद्राने, म्हणून संस्कृतात ‘मास’ म्हणजे महिना. इंग्रजीतील ‘मंथ’ म्हणजे महिना आणि ‘मून’ म्हणजे चंद्र हे दोन्ही शब्द त्याच घराण्यातले आहेत.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य दाखवून असे मत मांडले, की या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. हे नीट लक्षात घ्या. संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई नव्हे, आणि मुलगीही नव्हे. ती बहीण. त्या सर्वांची आई केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली.

चौथे कारण : बाळाचे तोंड

पण थांबा. चिनीतही ‘मा’ म्हणजे आई, आणि आफ्रिकेतल्या स्वाहिलीत व दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेत ‘मामा’ म्हणजे आई. या भाषा आपल्या कुळातल्या नाहीत. शब्द उसना घेतला म्हणावे, तर एवढ्या दूरच्या लोकांनी ‘आई’साठी शब्द उसना का मागावा? नुसता योगायोग म्हणावा, तर तो इतक्या ठिकाणी कसा?

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द गोळा केले. आईसाठीच्या शब्दांपैकी ५५ टक्के शब्दांत ‘म’, ‘न’ असे अनुनासिक व्यंजन होते. वडिलांसाठीच्या शब्दांत ते फक्त १५ टक्के. १९५९ साली रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने याचे कारण मांडले. बाळ अंगावर पिते तेव्हा त्याचे तोंड बंद असते. त्या वेळी आवाज काढायचा तर तो नाकातूनच निघणार, म्हणून तृप्तीचा एक हुंकार येतो. पुढे भूक लागली की बाळ तोच हुंकार काढते. ओठ मिटून हुंकार दिला आणि तोंड उघडले की होते ‘म्...आ’. त्यासाठी जिभेची कसलीही कसरत लागत नाही. हा आवाज ऐकून धावत येते ती आई, आणि तिला वाटते, बाळाने आपल्यालाच हाक मारली!

म्हणजे शब्द बाळ बनवीत नाही. बाळाच्या आवाजाला अर्थ देतात ती मोठी माणसे. म्हणून तो अर्थ सगळीकडे एकच असत नाही. आपण बाळाला ‘मंमं’ भरवतो. तुर्की भाषेत ‘मामा’ म्हणजे बाळाचे खाणे. मराठी, हिंदी, गुजराती, बंगालीत ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ. लॅटिनमध्ये ‘मम्मा’ म्हणजे स्तन. त्यावरूनच लिनियसने १७५८ साली सस्तन प्राण्यांच्या वर्गाला ‘मॅमेलिया’ हे नाव दिले. आणि कॉकेशस पर्वताजवळच्या जॉर्जियात ‘मामा’ म्हणजे चक्क वडील! तिथे आईला म्हणतात ‘देदा’.

पारख कशी करायची?

आता मोठा प्रश्न. ‘माता’ आणि ‘मदर’ यांतही ‘मा’ आहे. मग ते साम्य बाळाच्या तोंडचे की रक्ताच्या नात्याचे? उत्तर मोठे मौजेचे आहे. नात्याचा पुरावा ‘मा’मध्ये नाहीच, तो उरलेल्या भागात आहे. मूळ संस्कृत शब्द ‘मातृ’. ‘पितृ’, ‘भ्रातृ’, ‘दुहितृ’ या नात्यांच्या शब्दांतही तोच ‘तृ’ आहे. आणि इंग्रजीत पाहा : मदर, फादर, ब्रदर, डॉटर. बाळ ‘मा’ म्हणू शकते. पण चार नात्यांना एकच शेपूट लावण्याची युक्ती दोन भाषांना वेगवेगळी सुचावी, हे संभवत नाही.

एक शब्द जुळणे याला फारशी किंमत नाही. अनेक शब्दांत एकच फरक नियमाने आढळणे, याला किंमत आहे. उदाहरणार्थ, शब्दाच्या आरंभी संस्कृतात ‘प’ असतो तिथे इंग्रजीत ‘फ’ येतो : पिता–फादर, पाद–फुट, पूर्ण–फुल. आरंभी ‘त’ असतो तिथे ‘थ’ येतो : त्रि–थ्री, तनु–थिन. हे नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ साली पद्धतशीर मांडले. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू, त्यांतलेच हे थोरले. आपल्याकडे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ साली मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृत, प्राकृत आणि आजच्या भाषा यांचा असाच शिस्तीने विचार केला. हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, अष्ट–अट्ठ–आठ, कर्म–कम्म–काम. नियम दिसला ना? जोडाक्षराचे द्वित्त झाले, मग द्वित्त सुटले आणि आधीचा ‘अ’ लांबून ‘आ’ झाला.

ही कसोटी लावली की पुष्कळदा डोळ्यांना दिसते त्याच्या उलट निघते. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट (आपला ‘बदनाम’ त्याच्यापासूनच आला) आणि इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजेही वाईट. दोन्ही भाषा दूरच्या नात्यातल्याही आहेत. तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. उलट मराठी ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत एकही ध्वनी सारखा नाही. पण दोन्ही एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत.

तज्ज्ञही चुकतात

नुसत्या साम्याने जाणकारही फसतात. व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, अगदी चिनी आणि थाईसारखा. शब्दांची उसनवारीही भरपूर. आंरी मास्पेरो हे मोठे फ्रेंच विद्वान. त्यांनी १९१२ साली या सुरांवर भर देऊन व्हिएतनामीला थाईच्या कुळात बसवले. ते मत पुष्कळ वर्षे टिकले. मग १९५३–५४ मध्ये आंद्रे ओद्रिकूर यांनी दाखवून दिले, की व्हिएतनामीतील सूर मुळातले नाहीत. शब्दाच्या शेवटची काही व्यंजने झिजून गेली, त्यांच्या जागी ते उमटले आहेत. जे वंशाचे लक्षण वाटत होते ते मागाहून आलेले निघाले! व्हिएतनामीचे खरे नातलग कोण? कंबोडियाची ख्मेर आणि आपल्या देशातील मुंडा भाषा. ‘तीन, चार’साठी व्हिएतनामीत ‘बा, बोन’, ख्मेरमध्ये ‘बेई, बुओन’ आणि मुंडारीत ‘आपी, उपुन’. या मुंडा शाखेतलीच एक भाषा महाराष्ट्रात बोलली जाते : मेळघाटातील कोरकू. कोरकूच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि हिंदी पडत आली, त्यांचे शब्दही तिने घेतले. पण तिचे गोत्र पार व्हिएतनामपर्यंत जाते. शेजार आणि नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करून पाहा

योगायोगाच्या गणितावर विश्वास बसत नसेल तर वर्गातच प्रयोग करा. १ ते १०० आकडे लिहिलेल्या १०० चिठ्ठ्या एका डब्यात टाका. २० मुलांनी एकेक करून चिठ्ठी काढावी, आकडा वहीत टिपावा आणि चिठ्ठी परत डब्यात टाकून डबा हलवावा. शेवटी आकडे ताडून पाहा. असे दहा वेळा करा. बहुधा आठ-नऊ वेळा तरी निदान दोघांचा आकडा एकच निघेल. त्या दोघांचे काही नाते असेल का?

यापुढे कोणी तुम्हांला दोन भाषांतले सारखे शब्द दाखवून त्यांचे गोत्र सांगू लागला, तर भांडू नका. फक्त तीन प्रश्न विचारा. हा शब्द पूर्वी कसा होता? तो कोणत्या वाटेने आला? आणि असाच नियम आणखी किती शब्दांत दिसतो? उत्तरे मिळाली तर त्याचे म्हणणे लक्ष देऊन ऐका. नाही मिळाली, तर त्याला फळ्यावरचे ते एक अक्षर दाखवा आणि म्हणा, “याचा अर्थ काय ते आधी सांगा पाहू!”